व्हिएन्नाचं आमंत्रण, सहा लाखांचं व्हायोलिन आणि अकरावी

"मुलगी सोळा वर्षांची, अकरावी सायन्सला. सातव्या वर्षापासून वेस्टर्न क्लासिकल व्हायोलिन शिकते. यंदा एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाची आठवी ग्रेड १५० पैकी १३६ गुणांनी, डिस्टिंक्शनमध्ये पास झाली. तिला हेच करायचंय, देशोदेशी वाजवायचंय. एका ऑनलाइन आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तिला पहिलं बक्षीस मिळालं आणि आता व्हिएन्नाला 'विजेत्यांच्या मैफली'चं आमंत्रण आलंय. सहभाग शुल्क २,१५० युरो, तिकीट-व्हिसा आपला. दुसरं म्हणजे, ओळखीतल्या एका विक्रेत्याकडे जुनं जर्मन व्हायोलिन आहे, आत स्ट्रॅडिव्हेरियसचं लेबल, सहा लाख सांगतोय. मिस्टर म्हणतात, आधी इंजिनीअरिंग. सासरे म्हणतात, परदेशात मान हवा तर गजाननबुवा, जोग, दातार यांच्यासारखं रागसंगीत वाजव. त्यात गेल्या पावसाळ्यात तिच्या आताच्या व्हायोलिनची कड सुटली ती तशीच आहे. काय करावं?" – एक आई, नेरूळ

ताई, आधी पैशांचं बोलू, कारण त्याला मुदत असते. व्हिएन्नाचे २,१५० युरो भरू नका.

मुलीचं वादन कमी आहे म्हणून हे म्हणत नाही. तो कार्यक्रम काय असतो ते पाहा. अशा ऑनलाइन स्पर्धेत प्रत्येक वयोगटात, प्रत्येक वाद्यात पहिली बक्षिसं अनेकांना दिली जातात. समोर बसून ऐकणाऱ्या परीक्षकांची फेरी नसते. मग बक्षीस मिळालेल्यांना 'निवड झाली' असं पत्र जातं, एक प्रसिद्ध इमारत सांगितली जाते आणि तिच्यातलं लहान सभागृह संध्याकाळपुरतं भाड्यानं घेतलं जातं. व्हिएन्नाचंच कशाला, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधलं २६८ आसनांचं वाइल रिसायटल हॉलही भाड्यानं मिळतं. तीस मुलं पाच-पाच मिनिटं वाजवतात आणि प्रेक्षकांत त्या तीस मुलांचे आईवडील बसतात. तिथे ना एजंट येतो ना ऑर्केस्ट्राचा मॅनेजर. संगीत विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत त्या प्रमाणपत्राला काडीची किंमत नाही. शुल्क, दोघींचं तिकीट, प्रत्येकी ९० युरो शेंगेन व्हिसा आणि हॉटेल धरलं तर चार लाखांच्या घरात जाईल. तेवढ्यात चांगल्या गुरूचे वर्षभराचे तास होतात.

खरी स्पर्धा ओळखणं फारसं अवघड नाही. परीक्षकांची नावं आणि वाजवायच्या रचनांची यादी खूप आधी जाहीर होते. अर्जाचं शुल्क असतं, पण निवड झाल्यावर वाजवायचे पैसे कोणी मागत नाही. उलट राहायची सोय बहुधा आयोजकच करतात, अनेकदा एखाद्या स्थानिक कुटुंबाकडे. जिनिव्हात १९५७ साली स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय संगीत स्पर्धांचा महासंघ आहे, त्याची सदस्य-यादी खुली आहे, ती पाहावी. ब्रसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा १९३७ मध्ये बेल्जियन व्हायोलिनवादक इझाईच्या नावानं सुरू झाली आणि पहिली डेव्हिड ओइस्त्राखनं जिंकली. आजही तिथे अंतिम फेरीतल्या बारा जणांना वॉटर्लूच्या म्युझिक चॅपेलमध्ये साधारण आठवडाभर ठेवतात, फोन काढून घेतात आणि कुणी कधी न ऐकलेला एक नवा कॉन्चेर्टो, म्हणजे एकल वादक आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना, हातात देतात. तो स्वतःचा स्वतः बसवायचा आणि ऑर्केस्ट्रासोबत वाजवायचा. मुलीला यातलं काही लगेच करायचं नाही. पण 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द पत्रावर दिसला की तो कुठल्या जातीचा आहे हे कळायला हवं.

आता सहा लाखांचं व्हायोलिन. स्ट्रॅडिव्हेरियसचं लेबल म्हणजे नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जर्मनीतल्या मार्कनॉयकिर्शेन आणि मिटेनवाल्ड या गावांत, फ्रान्समध्ये मिरकूरला व्हायोलिनं हजारोंनी बनत आणि 'आन्तोनिउस स्ट्रादिव्हारिउस क्रेमोनेन्सिस' छापलेली चिठ्ठी सर्रास आत चिकटवली जाई. फसवणूकच असे असंही नाही. कुठल्या नमुन्यावरून बनवलं तेवढं ती सांगे. लेबलाखाली 'मेड इन जर्मनी' असेल तर अंदाज आणखी सोपा: अमेरिकेनं १८९० च्या जकात कायद्यानं मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, त्यानंतरचा तो निर्यातीचा माल. क्रेमोनाच्या स्त्रादिव्हारीनं स्वतः बनवलेल्या खऱ्या स्ट्रॅडची गोष्टच वेगळी. 'लेडी ब्लंट' नावाचं त्याचं व्हायोलिन २०११ मध्ये दीड कोटी डॉलरच्या वर विकलं गेलं, आणि मोठमोठे वादकही अशी वाद्यं स्वतः घेत नाहीत. निप्पॉन म्युझिक फाउंडेशनसारख्या संस्था ती वापरायला देतात.

जुनं कारखान्याचं व्हायोलिन वाईटच असतं असं नाही. काही उत्तम वाजतात. पण सहा लाख लेबलाचे की आवाजाचे, हे तपासल्याशिवाय कळत नाही. शरीराची लांबी ३५५ मिलिमीटरच्या आसपास आहे का पाहा. मागच्या पाटीवर, आतला साउंडपोस्ट (दोन पाट्यांमधली उभी काडी) जिथे टेकतो तिथे तडा असेल तर दुरुस्त केलेला असला तरी किंमत निम्म्यानं पडते. मान पुढे झुकली असेल तर तारा फिंगरबोर्डपासून उंच जातात, वरच्या पोझिशनमध्ये बोटं दुखतात. चारही तारांवर अर्ध्या-अर्ध्या स्वरानं वर जात वाजवा. कुठे गुरगुरणारा, थरथरता स्वर लागला तर ते वाद्य 'वुल्फ'वालं. आणि वाजवणाऱ्याच्या कानाजवळ गोड वाटणारं वाद्य पंधरा मीटरवर पोचेलच असं नाही, म्हणून दुसऱ्या कुणाला हॉलमध्ये वाजवायला लावून मुलीनं मागच्या रांगेतून ऐकावं. दोन आठवडे घरी न्यायला विक्रेता नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

आमचं मत विचाराल तर आत्ता घेऊच नका. विद्यापीठात प्रवेश मिळाला की तिथले प्राध्यापक वाद्य बदलायला सांगतातच, आणि तेव्हा त्यांच्या ओळखीच्या कारागिराकडून घेतलेलं स्वस्त आणि मस्त पडतं. तोवर आहे त्या व्हायोलिनची कड जोडून घ्या, नवा ब्रिज आणि साउंडपोस्ट बसवून घ्या, तारा बदला आणि बो, म्हणजे गज, बरा घ्या. बो दुय्यम समजला जातो, पण आठवी ग्रेडनंतर हात अडतो तो बहुतेक वेळा बोपाशी.

कड सुटण्याचं तेवढं सविस्तर सांगतो, कारण हे नवी मुंबईत दरवर्षी होतं. व्हायोलिन सरसानं जोडलेलं असतं, आणि तो सरस मुद्दाम लाकडापेक्षा कच्चा ठेवतात. पावसाळ्यात हवेतला ओलावा ९० टक्क्यांवर जातो, लाकूड फुगतं. मग एसीच्या खोलीत ते सुकतं. या ओढाताणीत सरस सुटतो म्हणून लाकूड फाटत नाही. हनुवटीच्या बाजूला हे आधी होतं, कारण तिथे घामही असतो आणि चिनरेस्टचा, म्हणजे हनुवटीच्या टेकूचा, क्लॅम्पही. बोटाच्या पेरानं कडेकडेनं हलकं टकटक करत जा. सुटलेल्या जागी आवाज पोकळ, फडफडता येतो. तिथे फेव्हिकॉल लावू नका, कुणाला लावू देऊ नका. तो सुटत नाही आणि पुढच्या पावसाळ्यात सांध्याऐवजी वरची पाटीच फाटते. वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडे हाइड ग्लूनं, म्हणजे सरसानंच, जोडून घ्यायला अर्धा तास लागतो, मात्र क्लॅम्प लावून ते एक दिवस ठेवावं लागतं. केसमध्ये ओलावा मोजणारा छोटा हायग्रोमीटर टाका. ४० ते ६० टक्क्यांत काटा राहिला की पुरे. सिलिका जेलच्या पुड्या भरू नका, त्या नुसत्या शोषत राहतात. दोन्ही बाजूंनी काम करणारी ४९ टक्क्यांची पाकिटं मिळतात ती ठेवा. वाजवून झालं की बो सैल करायचाच. आणि पाम बीच रोडला गाडी लावून व्हायोलिन डिकीत ठेवून जेवायला जाणं म्हणजे सरस वितळवायची सोय.

आता मुख्य गोष्ट. १३६ गुण चांगलेच आहेत. पण आठवी ग्रेड जिथे संपते आणि परदेशी संगीत विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा जिथे सुरू होते त्यात दीड-दोन वर्षांच्या कामाचं अंतर असतं, आणि ते अंतर पुढच्या डिप्लोमानं भरत नाही. ग्रेडमध्ये वर्षभर तीन-चार तुकडे घोटले की चालतं. प्रवेशपरीक्षेत तंत्र बघतात. तिनं क्रॉइट्झरचे ४२ एट्यूड, म्हणजे तंत्राच्या सरावाच्या रचना, पूर्ण केलेत का? त्यानंतर रोडचे २४, मग डोंटचे ओपस ३५, आणि त्यानंतर पागानिनीच्या २४ कॅप्रिसपैकी एखादा, हा रस्ता आहे. यातली पायरी गाळून थेट पागानिनीवर उडी मारलेली मुलं परीक्षकांना पहिल्या ओळीत कळतात. स्केलला कार्ल फ्लेशचं पुस्तक: रोज एक की, तीन सप्तकं, मग दोन-दोन स्वर जोडीनं, म्हणजे थर्ड, सिक्स्थ, ऑक्टेव्ह, फिंगर्ड ऑक्टेव्ह, टेन्थ. मेट्रोनोमवर, सावकाश.

रोज चार तास लागतात, ५० मिनिटांचे चार भाग आणि मध्ये दहा मिनिटं हात खाली. एक भाग स्केल, एक एट्यूड, एक बाख, एक कॉन्चेर्टो. सलग दोन तास वाजवून मनगट, कोपर धरून बसणाऱ्या मुली खूप आहेत. दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळीही असलं तर वाजवणं थांबवून डॉक्टरकडे जा, 'सवय होईल' म्हणू नका. सोसायटीत शेजारी तक्रार करतात म्हणून आवाज दाबणारा जाड रबरी म्यूट लावून चारही तास वाजवू नका. म्यूटमध्ये स्वतःचा टोन ऐकू येत नाही, मग हात दाबायला लागतो आणि तीच सवय लागते. म्यूट डाव्या हाताच्या कामापुरता.

तिच्या सध्याच्या शिक्षकांना सोडायची गरज नाही. त्यांच्याच सल्ल्यानं, परदेशी विद्यापीठात शिकवणाऱ्या एखाद्या प्राध्यापकाकडे ऑनलाइन कन्सल्टेशन घ्या. तासाला शंभर युरोंच्या आसपास धरा. असे दोन-तीन तास, वेगवेगळ्या तिघांकडे. त्यात एकच प्रश्न विचारायचा: 'दीड वर्षात ही तुमच्या परीक्षेला बसू शकेल का, आणि नसेल तर काय कमी आहे?' कौतुक घेऊन फोन ठेवू नका, नेमकं उत्तर मागा. जर्मनीत तर प्रवेश विद्यापीठापेक्षा प्राध्यापकाच्या वर्गात असतो; परीक्षेआधी ट्रायल लेसन घेऊन त्यांनी वाजवणं ऐकलेलं असणं हा अलिखित नियमच आहे.

याच काळात तिला इतरांबरोबर वाजवू द्या. चौघांत दुसरं व्हायोलिन वाजवताना जे कान तयार होतात ते एकटीनं कॉन्चेर्टो घोटून होत नाहीत. आपल्याकडे व्यावसायिक सिम्फनी ऑर्केस्ट्रा एकच, २००६ मध्ये एनसीपीए या कलाकेंद्रात सुरू झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया. त्याच्या सीझनला हार्बर लाइननं सीएसएमटी आणि पुढे नरिमन पॉइंट, जाऊन-येऊन तीन तास मोडले तरी तिला न्या. कार्यक्रम ऐकताना तिनं पहिल्या व्हायोलिनांच्या मागच्या बाकावरच्या लोकांकडे बघावं, सोलोइस्टकडे नव्हे. का ते पुढे येईलच.

प्रवेशासाठी बहुतेक ठिकाणी लागतं ते असं: सोलो बाखच्या सोनाटा-पार्टितांमधली एक-दोन मूव्हमेंट्स (भाग), एक कॅप्रिस किंवा अवघड एट्यूड, मोझार्टच्या तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या कॉन्चेर्टोची पहिली मूव्हमेंट कॅडेन्झासह (वादकानं ऑर्केस्ट्राशिवाय वाजवायचा भाग), आणि एक रोमँटिक कॉन्चेर्टो. सोळाव्या-सतराव्या वर्षी चाचपडत वाजवलेला चायकोव्स्की पाठवण्यापेक्षा स्वच्छ ब्रूख किंवा मेंडेल्सन पाठवा. बाखचा चॅकोन, ती लांबलचक अवघड मूव्हमेंट, तर मुळीच नको. आणि मोझार्टला सोपा समजू नका. १७७५ साली लिहिलेल्या त्या पाचव्या कॉन्चेर्टोत ऑर्केस्ट्राचा जोशपूर्ण आलेग्रो थांबतो आणि व्हायोलिन एकदम संथ अडाजोत शिरतं. सहा बार, लांब बो, खाली तारांची कुजबुज. कुठे लपायला जागा नाही. परीक्षक त्या सहा बारांतच बरंचसं ठरवतात.

पहिली फेरी आता बहुतेक ठिकाणी रेकॉर्डिंगवर होते, आणि इथे चांगली मुलंही मार खातात. मोबाइलवर रेकॉर्ड करू नका: मोबाइल मोठा आवाज आपोआप दाबतो आणि बारीक आवाज उचलतो, म्हणजे तिचं फोर्ते (जोरात) आणि पियानो (हळू) वाजवलेलं एकसारखं ऐकू येतं. हातात मावणारा स्टिरिओ रेकॉर्डर पुरतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, ऑटो-गेन (आवाज आपोआप कमी-जास्त करणं) बंद, सगळ्यात मोठा आवाज उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ नये. रेकॉर्डर अडीच-तीन मीटर लांब, दोन मीटर उंचीवर. कॅमेरा तिच्या उजव्या अंगाला समोर, हलवायचा नाही, झूम नाही. चेहरा, दोन्ही हात आणि पूर्ण ताणलेल्या बोचं टोक चौकटीत. एक मूव्हमेंट एका टेकमध्ये, आत काटछाट नाही. रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, चढवलेला लगेच कळतो आणि अर्ज बाद होतो.

जागा घरची नको, पंखा बंद केला तरी लिफ्ट वाजते. नाट्यगृहही या कामाचं नाही. वाशीचं भावे काय किंवा ठाण्याचं गडकरी रंगायतन काय, ती शब्द ऐकू यावेत म्हणून बांधलेली. पडदे आणि गादीच्या खुर्च्या व्हायोलिनचा आवाज पिऊन टाकतात. उंच छताची शाळेची रिकामी असेंब्ली हॉल किंवा चर्च पाहा. ठाण्यात मासुंदा तलावाजवळचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट यांसारख्या जुन्या चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळा सोडून परवानगी मिळते का, विचारून बघायला हरकत नाही. कामाच्या दिवशी अगदी सकाळी, हॉर्न सुरू व्हायच्या आत. पियानो असेल तर ट्यूनर आदल्या दिवशी आलेला हवा, आणि साथीदार पियानिस्टबरोबर निदान तीन तालमी झालेल्या हव्यात. साथीला ट्रॅक वाजवलेला चालत नाही. प्रत्येक तुकड्याचे तीन टेक. चौथ्यापासून सूर उतरू लागतो.

तारखांचं गणित करताना बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते हे धरा. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकसारख्या संस्थांना यूकास कॉन्झर्व्हेटॉयर्स या सामायिक अर्जसेवेतून अर्ज पुढल्या सप्टेंबरसाठी आदल्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच जातो, म्हणजे वाजवायच्या रचना बारावीच्या दिवाळीआधी तयार. अमेरिकेत जुलियार्डची मुदत १ डिसेंबरच्या सुमारास. जर्मनीत ऑक्टोबरमध्ये सुरू होणाऱ्या सत्राचे अर्ज मार्च-एप्रिलला आणि प्रत्यक्ष परीक्षा मे ते जुलैत, म्हणजे बोर्डाच्या परीक्षेनंतर. शिवाय खर्च: ब्रिटनमध्ये परदेशी विद्यार्थ्याची फी वर्षाला पंचवीस हजार पौंडांच्या वर, म्हणजे अठ्ठावीस-तीस लाख आणि राहणं वेगळं. जर्मनीत बहुतेक राज्यांत शिकवणी फी नाही, बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये युरोपबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो आहे. पण व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणारं खातं) दाखवावे लागतात, भारतीय विद्यार्थ्यांना शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं एपीएस प्रमाणपत्र लागतं, ते यायला वेळ लागतो, आणि भाषा किमान बी-१ पर्यंत शिकावी लागते. जर्मनचा क्लास या महिन्यात लावा. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या कर्टिस या संगीत संस्थेत १९२८ पासून कुणालाच फी नाही, पण तिथे वर्षाला मोजकीच व्हायोलिनं घेतात. अर्ज करावा, भरवसा ठेवू नये.

आणि एवढं करून हातात काय येतं? देशोदेशी सोलो वाजवणारे जे असतात ते बहुतेक चौथ्या-पाचव्या वर्षी सुरू झालेले आणि सोळाव्या वर्षी ऑर्केस्ट्रासोबत चार-पाच कॉन्चेर्टो वाजवून बसलेले असतात. तुमच्या मुलीला ती वाट बंद आहे असं नाही, पण घरानं पैसे लावताना ती धरून लावू नयेत. धरायचं ते ऑर्केस्ट्रा, चेंबर म्युझिक आणि शिकवणं या तिन्हींचं मिळून. एकट्या जर्मनीत सरकारी पैशावर चालणारे सव्वाशेच्या वर ऑर्केस्ट्रे आहेत. म्हणून ते मागचे बाक बघायला सांगितलं. तिथे जागा निघाली की बहुधा पहिल्या फेरीत पडद्याआड मोझार्टचं एक पान वाजवायचं, मग रोमँटिक कॉन्चेर्टो, मग उतारे: स्ट्राउसच्या 'डॉन हुआन'चं पहिलं पान, मेंडेल्सनचा 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मधला स्केर्झो, शूमनच्या दुसऱ्या सिम्फनीचा स्केर्झो. एका जागेला डझनावारी उमेदवार. निवड झाली तरी साधारण एक वर्ष प्रोबेशन. त्याआधीची पायरी म्हणजे ऑर्केस्ट्रांच्या प्रशिक्षण अकादमी; बर्लिन फिलहार्मोनिकची कारायान अकादमी १९७२ पासून आहे.

सोलो कार्यक्रमाचा हिशेबही एकदा कागदावर बघा. जर्मनीत १,५०० युरो मानधन ठरलं. परदेशी कलाकार म्हणून आयोजक १५ टक्के कर आणि त्यावर अधिभार मिळून १५.८२५ टक्के कापतो, म्हणजे २३७ युरो. एजंटचे २० टक्के, ३०० युरो. राहिले ९६३. मुंबईचं तिकीट करारात नसेल तर त्यातले बरेचसे तिथेच गेले, मग हॉटेल, मग पियानिस्ट. म्हणून करारात 'कर आयोजक भरेल, मानधन निव्वळ' ही ओळ आणि प्रवास-निवास वेगळा लिहून घ्यायचा असतो, आणि कापलेल्या कराचं प्रमाणपत्र मागायचं असतं. ते असलं तरच इथे विवरणपत्रात त्याची वजावट मिळते. कार्यक्रमही दीड-दोन वर्षं आधी ठरतात, म्हणजे आज मिळालेलं काम पैसे देतं परवा.

प्रत्यक्ष परीक्षेला जाताना वाद्याची कागदपत्रं विसरू नका. मुंबईहून निघताना विमानतळावर कस्टम्सच्या काउंटरला वाद्य दाखवून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या, सोबत बिल आणि लेबल, स्क्रोल (मानेच्या टोकाचा कोरीव गुंडाळा), मागची पाटी यांचे फोटो. नाहीतर परतताना 'बाहेरून आणलं' म्हणून ड्युटीचा वाद होतो. हे फक्त नवशिक्यांना होतं असं नाही: १९८० ची क्वीन एलिझाबेथ विजेती युझुको होरिगोमे हिचं १७४१ चं ग्वार्नेरी व्हायोलिन २०१२ मध्ये फ्रँकफर्ट विमानतळावर जप्त झालं, कस्टम्सनं १,९०,००० युरो मागितले आणि पुढच्या महिन्यात ते परत मिळालं. बो पर्नांबुको लाकडाचा असेल तर ते झाड २००७ पासून सायटिस या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे; जुन्या बोच्या टोकाला हस्तिदंत किंवा फ्रॉगला (धरायच्या टोकाच्या ठोकळ्याला) कासवाची पाठ असेल तर तो घेऊन सीमा ओलांडायचीच नाही. प्रवासाला कार्बन फायबरचा बो बरा, आणि पर्नांबुकोचाच न्यायचा तर कोणकोणतं साहित्य वापरलंय ते बनवणाऱ्याकडून लिहून घ्या. लांबट केस ८० सेंटिमीटरच्या आसपास, केबिन बॅगेच्या मापात ती बसत नाही. एअरलाइनचा वाद्यांविषयीचा नियम छापून खिशात ठेवा आणि चेक-इनला द्यायला ठाम नकार द्या. हिवाळ्यात तिकडच्या हीटरच्या खोलीत ओलावा ३० टक्क्यांखाली जातो. पोचल्यावर केस लगेच उघडू नका, तासभर जाऊ द्या. खुंट्या सैल होऊन तारा उतरलेल्या असतील, घाबरू नका. तिकडे ए हा स्वर बहुधा ४४२-४४३ हर्ट्झवर लावतात. आठवडाभर आधी घरी त्याच पट्टीवर वाजवा.

सासऱ्यांचं म्हणणं वरवर टाकण्यासारखं नाही. व्ही. जी. जोगांनी आणि एन. राजम यांनी हे वाद्य परदेशी रंगमंचांवर नेलंच आहे. पण तिथे मांडी घालून, स्क्रोल पावलावर टेकवून, सा-प-सा-प लावून मिंडेत वाजवायचं. हात वेगळा, कान वेगळा, गुरूजवळची वर्षं वेगळी. दीड वर्षावर परीक्षा असताना दोन्ही डगरींवर हात ठेवला तर दोन्ही जातील. आजोबांनी तिला संध्याकाळी ऐकवायला बसवावं, तेवढं पुष्कळ.

राहिले मिस्टर. भांडण सायन्सशी नाही, तासांशी आहे. बारावी पूर्ण व्हायलाच हवी, ते प्रमाणपत्र परदेशातही लागतं, आणि कुठलं विद्यापीठ ते कसं धरतं हे त्यांच्या प्रवेश विभागाला मेल करून आत्ताच विचारा. पण जेईईचा इंटिग्रेटेड क्लास आणि चार तास रियाज एका दिवसात बसत नाहीत. क्लास यंदा लावू नका, बोर्डाचा अभ्यास चालू ठेवा, आणि बारावीत सीईटीचा फॉर्म वेळेवर भरून ठेवा. त्याला काही जात नाही आणि घरात शांतता राहते. पहिली दोन कन्सल्टेशनं झाली की प्राध्यापकांनी नेमकं काय सांगितलं ते कळवा, आणि तिनं क्रॉइट्झरचे किती केलेत तेही. जर्मनी की लंडन, आणि यंदा की एक वर्ष थांबून, ते त्यावरून ठरवता येईल.